आमदारांकडं जायच्या आधी कागद इकडं आणा

कोल्हापुरात कलेक्टर कचेरीच्या बाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे सात बाय आठची खोली. त्यात एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स आणि कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून बसलेला गोदरेजचा मराठी टाइपरायटर. १९९४ साली त्याच्यावरच सुरुवात केली. पाणंद, पूल, पेन्शन, पूरग्रस्त, पाणीपट्टी... त्या मशीनवरचा 'प' झिजून गुळगुळीत झालाय तो उगाच नाही.

मागल्या महिन्यात करवीर तालुक्यातले एक आजोबा आले. हातात वहीचं फाडलेलं पान. वर 'मा. मुख्यमंत्री साहेब, मंत्रालय, मुंबई', खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून अकरा जणांची नावं. मधला मजकूर असा, की शेताकडं जाणारी आमची पाणंद बांधाला बांध लागून असलेल्या भाऊबंदानं नांगरून घेतली आहे, तरी विधानसभेत कायदा करून ती खुली करून द्यावी.

"आजोबा, कायदा हाय की वो."

"कवा झाला?"

"१९०६ ला."

आजोबांनी स्टूल ओढून घेतलं.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडं दावा लावायचा. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "नांगरून किती दिवस झालं?" विचारलं, तर म्हणाले चार महिने. म्हणजे हातात दोन महिने होते. मी निमूट ते निवेदन अकरा प्रतींत टाइप करून दिलं असतं, तर माझा गल्ला भरला असता, मुंबईहून 'आपला अर्ज तहसीलदार यांच्याकडे पाठविण्यात आला आहे' असं पत्र आलं असतं आणि तोवर मुदत टळून गेली असती.

म्हणून हे लिहायला घेतलंय. विधिमंडळ म्हणजे तिथं भांडणं होतात, कागद फाडतात, एवढंच लोकांना टीव्हीवर दिसतं. तिथं रोज किती तऱ्हेचं काम चालतं आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या फटीतून आपला कागद आत सरकवता येतो, हे कुणी सांगत नाही. मी वकील नाही. पण तीस वर्षं दुसऱ्याचं गाऱ्हाणं टाइप करताना गाऱ्हाणं कुठं अडतं ते कळायला लागतं.

पहिलं बघायचं ते हे, की विषय मुंबईचा आहे की दिल्लीचा. हे मी चूक करून शिकले. साखर कारखाना आणि सूतगिरणीतले निवृत्त कामगार आले होते, ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन वाढवा म्हणून. मी झोकात निवेदन केलं, जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांना, म्हणजे दहा प्रती. कित्येक महिन्यांनी एक उत्तर आलं: 'सदर विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे.' एवढंच. ते खासदारांकडं द्यायला पाहिजे होतं. त्या म्हाताऱ्या माणसांचे झेरॉक्सचे पैसे मी परत केले नाहीत, त्याची अजून लाज वाटते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. केंद्र सूचीत रेल्वे, पोस्ट, संरक्षण. राज्य सूचीत पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, ग्रामपंचायती आणि नगरपालिका. समवर्ती सूचीत दोघांनीही कायदा करायचे विषय: जंगल, लग्न, कामगार, फौजदारी कायदा. शिक्षण आधी राज्याकडं होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ते समवर्तीत गेलं. समवर्तीत केंद्राशी टक्कर झाली तर केंद्राचं चालतं. राज्याचं चालवायचं असेल तर राष्ट्रपतींची मान्यता लागते. महिलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक आपल्या दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, पण त्या मान्यतेपाशी अडकलं. सभागृहात बाकं वाजली म्हणजे कायदा झाला असं धरू नका.

आपल्याकडं खरा घोळ उसाचा. एकाच मोळीत तीन दोऱ्या. एफआरपी, म्हणजे उसाला कमीत कमी द्यायचा दर, ठरवतं केंद्र, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे हेही त्याच आदेशात आहे. गाळप परवाना पुण्याचे साखर आयुक्त देतात. कारखाना सहकारी असेल तर त्याची निवडणूक आणि सभासदत्व राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली. म्हणजे 'एफआरपी वाढवा' हे दिल्लीला, 'थकलेली बिलं वसूल करा' हे आयुक्तांना, 'मला सभासद करून घेत नाहीत' हे सहकार खात्याकडं. तिन्ही एकाच अर्जात लिहिलेला कागद आला की मी तो आधी कात्रीनं तीन तुकडे करते. खरोखरच कात्रीनं. माणसाला लगेच समजतं.

पुराचंही तसंच. पंचगंगा आपली, पण नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते कर्नाटकात. तिथल्या अलमट्टी धरणाची उंची आपल्या विधानभवनात ठरत नाही. आपल्याकडं फार तर चर्चा होईल, ठराव होईल. पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला किंवा ४३ च्या धोका पातळीला जायच्या कितीतरी आधी तुमच्या गावचा पूल बुडतो, तो पूल मात्र नक्की राज्याचा विषय.

विषय राज्याचा निघाला, की दुसरा प्रश्न: तुम्हाला नडतोय तो कागद कुठला आहे? कायदा विधिमंडळ करतं. कायद्याखालचे नियम विभाग करतो. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो, तो मंत्रालयातल्या विभागातून निघतो. परिपत्रक त्याच्याही खाली. लोक जीआरलाच कायदा समजतात. जीआर बदलायला विधानसभा लागत नाही, खात्याच्या मंत्र्यांना पटलं आणि फाइल फिरली तरी होतं. उलट, कायद्याच्या विरोधात जीआर काढला तर तो टिकत नाही. एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची असा जीआर राज्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला होता. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. दर आणि मुदत केंद्राच्या आदेशात असताना राज्याच्या जीआरनं त्यात हात घालता येत नाही.

जीआर वाचायला शिका, अवघड नाही. सगळ्यात वर विषय, खाली विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक आणि तारीख. मग 'वाचा' किंवा 'संदर्भ', तिथं आधीच्या जीआरची यादी असते. ती कधीही सोडू नका, कारण तुमचं दुखणं बऱ्याचदा तिथल्याच जुन्या जीआरमध्ये असतं. मग 'प्रस्तावना'. ती गोड असते, पटकन पुढं जा. मग 'शासन निर्णय', खरा माल इथं. पैसा द्यायचा असेल तर 'लेखाशीर्ष' हा शब्द शोधा, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून पैसा जाणार तो क्रमांक. लेखाशीर्ष नसेल तर ते वचन आहे, पैसा नाही. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि खाली उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. त्याच्या जरा वर एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ प्रत निघते. व्हॉट्सअॅपवर आलेला जीआर मी संकेतांक तपासल्याशिवाय टाइप करायला घेत नाही. एका पोरानं स्वतः बनवलेला जीआर माझ्याकडं आणला होता. फाँट चुकला होता, म्हणून सापडला.

कागद खालून वर कसा जातो याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, या प्रथा बंद करायचा ठराव त्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. १७ मे ला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून राज्यातल्या बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेरा दिवस! मी आयुष्यात एवढ्या वेगानं हललेला कागद दुसरा पाहिला नाही. पण ते परिपत्रक. ते न पाळणाऱ्याला शिक्षा होत नाही. ज्याला शिक्षा आहे तो कायदा कसा दिसतो ते बघायचं तर सामाजिक बहिष्काराचा बघा. विधिमंडळानं २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता आली. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्हाला यातलं काय हवंय ते ठरवून या.

एक मास्तर नेहमी मला ऐकवतात, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला एका आदेशानं निम्म्या जागा राखून ठेवल्या, तुमच्या विधानसभेला एवढा वेळ का लागतो? मास्तर, तेव्हा सही एकाचीच लागायची.

आता कुणाकडं द्यायचं. आमदार म्हटलं की लोकांना मतदारसंघातला एकच आठवतो. विधानसभेत २८८ आहेत, ठीक. पण विधान परिषदेत ७८ आहेत आणि त्यांना कुणी विचारतच नाही. त्यातले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ महापालिका-जिल्हा परिषदांकडून येतात, ७ शिक्षकांचे, ७ पदवीधरांचे, १२ राज्यपालनियुक्त. आपण पुणे शिक्षक आणि पुणे पदवीधर मतदारसंघात येतो, सोबत पुणे, सातारा, सांगली, सोलापूर. शाळेचा, भरतीचा, कॉलेजच्या फीचा विषय असेल तर तिथं द्या. तेही प्रश्न विचारू शकतात, त्यांनाही त्याच मंत्र्यांनी उत्तर द्यायचं असतं. तुमच्या आमदाराशी तुमचं गावकीवरून बिनसलं असेल तर ही दुसरी वाट आहे. एक लक्षात ठेवा, पदवीधरची मतदार यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही.

आता मुख्य काम, कागद लिहिणं. कुंभीकाठच्या एका गावचा पूल आहे, ठेंगणा. पावसाळ्यात बुडतो आणि चार किलोमीटरची शाळा एकोणीस किलोमीटरवर जाते. गावानं लिहून आणलेलं: 'आमच्या गावावर वर्षानुवर्षे अन्याय होत असून लेकराबाळांचे अतोनात हाल होत आहेत, तरी मायबाप सरकारने डोळे उघडून...' मी विचारलं, पूल किती साली बांधला? गेल्या पावसात किती दिवस पाण्याखाली होता? रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा? कुणालाच सांगता येईना. सरपंच म्हणाले, "अक्का, तुम्ही भावना तेवढ्या नीट मांडा." मी म्हटलं भावना मांडते, पण त्याला उत्तर येणार नाही.

विधानसभेत प्रश्न एका ठरलेल्या साच्यात जातो. तोच साचा तुम्ही आधीच वापरला की आमदारांच्या पीएचं काम हलकं होतं, आणि पीएचं काम हलकं करणारा कागद ढिगात वर येतो. आम्ही शेवटी असं केलं:

'(१) मौजे अमुक, ता. अमुक, जि. कोल्हापूर येथील कुंभी नदीवरील पूल माहे जुलै ते ऑगस्टमध्ये इतके दिवस पाण्याखाली गेल्याने वाहतूक बंद राहिली, हे खरे आहे काय? (२) असल्यास, उंच पुलाचा प्रस्ताव संबंधित कार्यालयाने अमुक तारखेस सादर केला, हेही खरे आहे काय? (३) असल्यास, उक्त प्रस्तावास मान्यता देऊन निधीची तरतूद करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

यात अन्याय नाही, लेकरं नाहीत, मायबाप तर नाहीच. पण पहिल्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं, आणि दिवस मोजलेले असल्यानं 'नाही' म्हणता येत नाही. दिवस मोजायला शाळेचं हजेरीपत्रक वापरलं. दुसऱ्या प्रश्नातली तारीख माहितीच्या अधिकारात काढली. त्यात महिना गेला. तो जातोच, धरून चाला.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर येतं. लोकांना तारांकितची हौस असते, पण तारांकितांचा क्रम लागतो आणि वेळ संपला की मागचे राहतात. त्यांची उत्तरं मग छापील यादीतच सापडतात. तातडीचं आणि ताजं असेल तर लक्षवेधी सूचना. पूल परवा पडला तर लक्षवेधी, वीस वर्षं ठेंगणाच असेल तर नाही. खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. नावावरून वाटतं पैसे कापायला सांगायचेत, पण खरं म्हणजे त्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवायची ती रीत आहे.

उत्तर आलं की ते पुन्हा माझ्याकडं घेऊन या, कारण तेही वाचावं लागतं. 'हे खरे नाही' आलं तर तुमचा पुरावा कमी पडला किंवा तुम्ही एखादा शब्द चुकीचा घातला. 'अंशतः खरे आहे' आलं तर पेढे वाटा. खात्यानं कागदावर कबूल केलंय, आता कुठला अंश खरा तेवढं विचारायचं. 'निधीच्या उपलब्धतेनुसार व प्राधान्यक्रमानुसार' म्हणजे यंदा नाही. 'प्रश्न उद्भवत नाही' या उत्तरानं लोक चिडतात, पण ते बहुतेक वेळा फक्त वरच्या उत्तराला जोडून येतं, त्यात अपमान नाही. आणि मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत करू' असं बोलले तर ते आश्वासन. आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती आहे. बोलल्याची तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेवा. कुंभीकाठच्या गावाला 'अंशतः खरे' मिळालंय. पेढे मी खाल्ले. पूल अजून ठेंगणाच आहे.

वेळ सांभाळा. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या आसपास मुंबईला, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईला, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन पळत येणाऱ्याला मी आधी चहा पाजते. आता घाई करून उपयोग नसतो. पैशाचं काम असेल तर त्याचं नाव दिवाळीच्या आसपास खात्याच्या अंदाजात जायला लागतं, मार्चमध्ये भाषण ऐकून टाळ्या तेवढ्या वाजवता येतात. हुकलं तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा. आणि नागपूरला जाऊ नका. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एक दिवसाहून जास्त लागतो आणि तिथं पास काढण्यातच जीव जातो. कामकाज घरबसल्या मोबाइलवर थेट दिसतं.

नव्या कायद्याचं विधेयक येतं तेव्हा मात्र सामान्य माणसाला खरी संधी असते, आणि तीच लोक सोडतात. विधेयक विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतं, मराठीत. मागून वाचा. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, कशासाठी केलं ते तिथं सरळ भाषेत सांगितलेलं. मग पुढं जाऊन खंड बघा. विधेयकात 'खंड', मंजूर झाल्यावर त्याचंच 'कलम' होतं. सूचना पाठवताना 'कलम' लिहिलंत तर कुणी हाकलून देत नाही, पण 'खंड' लिहिलेलं पत्र जाणत्याचं वाटतं. काही विधेयकं दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं जातात आणि समिती जाहीर सूचना मागवते. विशेष जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. समितीनं काही बदल सुचवले आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. अशा ढिगाऱ्यात 'हा काळा कायदा रद्द करा' एवढंच लिहिलेलं कार्ड मोजलं जातं, वाचलं जात नाही. वाचलं जावं असं हवं तर चार ओळी पुरेत: खंड क्रमांक, आत्ताचे शब्द, तुम्हाला हवे ते शब्द, कारण. 'किंवा'च्या जागी 'आणि' आला तरी माणसं आत-बाहेर होतात. टायपिस्ट म्हणून सांगते, सगळ्यात महाग चुका अशा दोन अक्षरी शब्दांत असतात.

मंजूर झाल्यावरही पहिलंच कलम बघा. 'शासन अधिसूचनेद्वारे नेमील अशा दिनांकास अमलात येईल' असं असेल तर ती अधिसूचना निघालीय का ते शोधायचं. राजपत्रात नसेल तर कायदा अजून कपाटात आहे.

आमदारांकडून काहीच हललं नाही, तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. तिथला अर्जही असाच, भावना कमी आणि तारखा जास्त.

शेवटचं, पोच. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून हलू नका. "ठेवा, साहेब बघतील" याला पोच म्हणत नाहीत. दुकान अकरा ते सहा उघडं असतं. महिन्याचा पहिला सोमवार सोडून या. त्या दिवशी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो आणि माझ्याकडं पाय ठेवायला जागा नसते.